शोकाकुल तपासाची कसोटी

१० एप्रिल २०२५ रोजी तहव्वूर राणाला अमेरिकेतून घेऊन आलेले विमान दिल्लीत उतरले आणि राष्ट्रीय तपास संस्थेने, अर्थात एनआयएने, त्याला रीतसर अटक केली. त्या वेळी या संस्थेच्या महासंचालकपदी सदानंद दाते होते. हे नाव मुंबईकरांना नवे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाच्या इमारतीत अजमल कसाब आणि अबू इस्माईल यांच्याशी अपुऱ्या शस्त्रांनिशी झुंजणारे अतिरिक्त पोलीस आयुक्त ते हेच. त्या झुंजीत त्यांच्यासोबतचे पोलीस मृत्युमुखी पडले आणि दाते स्वतः हातबॉम्बच्या स्फोटात जखमी झाले. ज्या कटाने आपले सहकारी हिरावून नेले, त्याच कटातील एका आरोपीचा तपास सोळा वर्षांनंतर आपण प्रमुख असलेल्या संस्थेकडे यावा, हा योगायोग वृत्तपत्रांनी टिपला, त्याचे कौतुकही झाले. ते योग्यच होते. मात्र या योगायोगाच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे आणि तो मुंबईपुरता तरी २००८ पासून अनुत्तरित आहे. ज्याच्या घरात दुखवटा आहे त्यानेच मारेकऱ्याचा माग काढावा का? आणि काढलाच, तर त्या तपासाची विश्वासार्हता कशावर ठरावी?

न्यायदानाच्या क्षेत्रात या प्रश्नाचे उत्तर कधीचेच देऊन झाले आहे. आपल्या आप्ताच्या वा स्नेह्याच्या प्रकरणात न्यायाधीश बसत नाही, बाजूला होतो. पोलिसांना अशी मुभा नाही. गावातल्या ठाण्यातील हवालदार मारला गेला तर पंचनामा त्याच ठाण्याचा फौजदार करतो. कायद्यालाही यात काही वावगे वाटत नाही. अंमली पदार्थांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फिर्यादी आणि तपास अधिकारी एकच असेल तर आरोपी निर्दोष सुटण्यास पात्र ठरतो, असा दंडक घातला होता. दोनच वर्षांत, ऑगस्ट २०२० मध्ये, पाच सदस्यांच्या घटनापीठाने तो मोडीत काढला. केवळ व्यक्ती एकच आहे म्हणून तपास दूषित मानता येणार नाही, पूर्वग्रह होता की नाही हे प्रत्येक प्रकरणात पुराव्यावरून ठरवावे, असे घटनापीठाने सांगितले. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा आहे. त्याचा दुसरा अर्थ मात्र असा की, तपास करणाऱ्याचे दुःख तपासात कुठे आणि किती झिरपले, हे हुडकण्याची सारी भिस्त न्यायालयाच्या उलटतपासणीवर येऊन पडते. जे न्यायालयासमोर येतच नाही, त्याचे काय, हे कुणी सांगत नाही.

हेमंत करकरे यांच्या हत्येच्या तपासाकडे या दृष्टीने पाहायला हवे. करकरे त्या वेळी केवळ एक वरिष्ठ अधिकारी नव्हते. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख म्हणून २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोटाचा तपास त्यांच्याकडे होता. त्यात प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना अटक झाल्यापासून करकरे हे नाव रोज वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होते. त्यांच्यावर राजकीय टीकेचा भडिमार होत होता. अशा माणसाची हत्या, तीही तपास ऐन भरात असताना, म्हणजे संशयाला आयते निमंत्रणच होते.

त्या रात्रीचा घटनाक्रम वाचकांच्या स्मरणात असेल, तरी काही तपशील पुन्हा सांगणे आवश्यक आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बेछूट गोळीबार करून कसाब आणि अबू इस्माईल पादचारी पुलावरून उतरले आणि कामा रुग्णालयात घुसले. दाते तिथे त्यांना सामोरे गेले. ते जखमी झाल्याचे कळल्यावर करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे आणि वरिष्ठ निरीक्षक विजय साळसकर एका क्वालिस गाडीतून रुग्णालयाच्या पुढच्या बाजूस निघाले. रंगभवनजवळच्या अरुंद गल्लीत झाडीआड दबा धरलेल्या दोघांनी गाडीवर गोळ्यांचा वर्षाव केला. गाडीत सात जण होते. त्यांतले एकटे अरुण जाधव वाचले. ते गाडीच्या मागच्या भागात सहकाऱ्यांच्या देहांखाली जखमी अवस्थेत पडून होते. पुढचे तिघे अधिकारी रस्त्यावर टाकून मारेकरी तीच गाडी घेऊन निघाले, तेव्हाही जाधव आतच होते. गाडीचे चाक फुटल्यावर दोघांनी दुसरी मोटार पळवली. त्यानंतर जाधवांनी बिनतारी यंत्रणेवरून खबर दिली. थोड्याच वेळात गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीत अबू इस्माईल मारला गेला आणि तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलून कसाबची बंदूक धरून ठेवल्यामुळे तो जिवंत हाती लागला.

तपास मुंबई गुन्हे शाखेकडे गेला. साळसकर हे याच गुन्हे शाखेच्या खंडणीविरोधी पथकाचे प्रमुख होते. म्हणजे ज्या कार्यालयात कसाबची जबानी नोंदवली जात होती, त्याच कार्यालयातली एक खुर्ची त्याने रिकामी केली होती. मुख्य तपास अधिकारी रमेश महाले आणि त्यांचे सहकारी यांना शोक पाळायला सवड नव्हती. अंत्यविधी उरकून माणसे पंचनाम्यांना बसली. समोर जो आरोपी होता, तो आपल्या माणसांचा मारेकरी आहे हे त्यांना पुराव्याआधीच ठाऊक होते. तपास अधिकाऱ्यासाठी याहून धोकादायक स्थिती नाही. जे ठाऊक असते ते सिद्ध करण्याची निकड वाटत नाही. शिवाय समोरचा कैदी चोवीस तास ताब्यात असतो.

शहराची मनःस्थितीही निराळी नव्हती. वकिलांच्या संघटनांनी कसाबचे वकीलपत्र न घेण्याचे ठराव केले. न्यायालयाने नेमलेल्या महिला वकिलांच्या घरासमोर निदर्शने झाली. खटला कशाला हवा, भर चौकात फाशी द्या, हा सूर लोकलच्या डब्यापासून दूरचित्रवाणीच्या चर्चांपर्यंत सर्वत्र होता. अशा वातावरणात गुन्हे शाखेने २५ फेब्रुवारी २००९ रोजी, म्हणजे हल्ल्याला तीन महिने होण्यापूर्वीच, अकरा हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र दाखल केले. एवढी घाई झालेला तपास कच्चा निघण्याची दाट शक्यता होती.

तो मुख्यत्वे पक्का निघाला. याचे श्रेय तपास अधिकाऱ्यांना द्यायलाच हवे, कारण कबुलीजबाबावर विसंबून राहण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. कसाबने दंडाधिकाऱ्यांसमोर कबुली दिली, मग ती फिरवली. जुलै २००९ मध्ये भर न्यायालयात गुन्हा मान्य केला आणि डिसेंबरात पुन्हा नाकारला. आपण चित्रपटांच्या ओढीने मुंबईत आलो होतो आणि हल्ल्याच्या आधीच पोलिसांनी आपल्याला पकडले, अशी कहाणी त्याने रचली. तरीही खटला डळमळला नाही. कारण आरोपपत्राचा डोलारा पोलिसांच्या शब्दावर उभाच नव्हता. टर्मिनसवर वृत्तछायाचित्रकारांनी जिवावर उदार होऊन टिपलेली छायाचित्रे होती. ती टिपणारे स्वतः साक्षीला उभे राहिले. ‘कुबेर’ नौकेवरच्या वस्तू होत्या, त्यांवरचे जनुकीय नमुने होते. हल्लेखोर आणि पाकिस्तानातले त्यांचे सूत्रधार यांच्यातली ध्वनिमुद्रित संभाषणे होती. ती ज्या इंटरनेट दूरध्वनीवरून झाली त्याची तांत्रिक माहिती देण्यासाठी अमेरिकेच्या एफबीआयच्या तज्ज्ञांची साक्ष झाली. सहाशेहून अधिक साक्षीदारांतील कितीतरी जणांचा पोलीस खात्याशी काडीचाही संबंध नव्हता. शोकाकुल तपासाला विश्वासार्हता मिळते ती अशी, ज्यांना शोक नाही अशांच्या साक्षीने.

आता दुसरी बाजू. याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते. हल्ल्याच्या ठिकाणांचे हाताने काढलेले नकाशे त्यांनी लष्कर-ए-तोयबाला पुरवले, असा गुन्हे शाखेचा आरोप होता. त्यातला एक नकाशा चौपाटीवर मारल्या गेलेल्या अबू इस्माईलच्या खिशात सापडल्याचे सांगण्यात आले. विशेष न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी तो नकाशा पाहिला आणि एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ज्या विजारीच्या खिशातून तो निघाला म्हणतात ती रक्ताने माखलेली होती, नकाशावर मात्र डाग नव्हता. ३ मे २०१० रोजी त्यांनी कसाबला दोषी ठरवले आणि त्याच निकालात या दोघांना निर्दोष मुक्त केले. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ही मुक्तता कायम ठेवली.

या एका कागदाची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. कसाबच्या फाशीच्या गदारोळात ती बुडून गेली. वास्तविक, संपूर्ण प्रकरणातला सर्वांत बोलका कागद तोच आहे. जिथे बाहेरचा पुरावा भक्कम होता तिथे गुन्हे शाखेचे म्हणणे तिन्ही न्यायालयांत टिकले. जिथे केवळ पोलिसांनी सांगितलेल्या जप्तीवर विश्वास ठेवायचा होता, तिथे तिन्ही न्यायालयांनी तो ठेवला नाही. हे ज्यांच्यामुळे शक्य झाले ते खटल्याची प्रक्रिया निमूटपणे चालवणारे न्यायाधीश आणि शिव्या खात आरोपींची बाजू मांडणारे वकील होते. भर चौकात फाशीची मागणी मान्य झाली असती, तर त्या चौकात कदाचित तीन दोर लटकले असते.

इथवर ‘कोणी मारले’ या प्रश्नाचा विचार झाला. गल्लीतल्या हत्याकांडाचा दुसरा प्रश्न, ‘मदत का पोहोचली नाही’, हा गुन्हे शाखेच्या कक्षेत कधी आलाच नाही. तो विचारला मृतांच्या घरच्यांनी. विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराखाली नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागितल्या. त्यांना त्या सहज मिळाल्या नाहीत. अर्ज, नकार, अपील असा नेहमीचा फेरा झाला. अखेर हाती आलेल्या नोंदींच्या आधारे त्यांनी २००९ च्या नोव्हेंबरमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. पूर्व विभागाचे अतिरिक्त आयुक्त असलेल्या कामटे यांना नेमके कोणी आणि कुठे बोलावले होते, त्यांनी मागितलेली कुमक का आली नाही, गोळीबाराची खबर नियंत्रण कक्षाला मिळाल्यानंतरही जखमी अधिकारी सुमारे चाळीस मिनिटे रस्त्यावर का पडून राहिले, असे त्यांचे प्रश्न होते. पोलीस मुख्यालय तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

त्या रात्री नियंत्रण कक्षाची सूत्रे गुन्हे शाखेचे सहआयुक्त राकेश मारिया यांच्याकडे होती. मारिया यांनी आरोप फेटाळले. त्या रात्री एकाच वेळी अनेक ठिकाणांहून येणाऱ्या खबरांचा महापूर लक्षात घेतला, तर त्यांच्या बाजूलाही तथ्य आहे. पण इथे कोणा एका अधिकाऱ्याच्या सचोटीचा प्रश्नच नाही. ज्यांच्या हाती त्या रात्रीचा नियंत्रण कक्ष होता, तेच हल्ल्याच्या तपासाचेही प्रमुख झाले, ही व्यवस्थेची निवड होती आणि ती चुकीची होती. मारेकऱ्यांचा तपास त्यांनी उत्तम केला असेल, नव्हे केलाच. मात्र त्याच रात्रीच्या पोलिसी प्रतिसादाची झडती घ्यायची तर ती दुसऱ्या कोणीतरी घ्यायला हवी होती. तसे ‘दुसरे कोणी’ म्हणून शासनाने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. तत्कालीन आयुक्त हसन गफूर यांच्या नेतृत्वाविषयी तिने स्पष्ट नापसंती नोंदवली, पण अहवाल विधिमंडळासमोर यायला त्या वर्षाची अखेर उजाडली आणि गल्लीतल्या त्या चाळीस मिनिटांचा हिशेब कुटुंबांना हवा तसा मिळाला नाही.

करकरे यांच्या बुलेटप्रूफ जाकिटाचेही असेच. कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकाराखाली विचारणा केली, तेव्हा ते जाकीट जागेवर नसल्याचे निष्पन्न झाले. पुढे ते जे. जे. रुग्णालयातून कचऱ्यात गेल्याचे सांगण्यात आले. हत्येच्या प्रकरणात मृताच्या अंगावरचे कपडे हा मुद्देमाल असतो, हे कोणत्याही ठाण्याच्या मुद्देमाल कारकुनाला माहीत असते. मग राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाच्या प्रमुखाचे जाकीट कचऱ्यात कसे गेले? त्या जाकिटाच्या दर्जाबद्दल शंका घेतली जात असताना ते नाहीसे होणे हा निव्वळ गलथानपणा असेल. तसा तो असण्याचीच शक्यता अधिक. पण गलथानपणा आणि लपवाछपवी बाहेरून सारखीच दिसतात, याचे भान खात्याला राहिले नाही.

आणि इथेच अफवांना जागा मिळाली. डिसेंबर २००८ मध्ये, महिनाही उलटला नसताना, केंद्रीय मंत्री ए. आर. अंतुले यांनी करकरे यांना कामाकडे कोणी पाठवले, असा जाहीर सवाल केला. केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांना संसदेत खुलासा करावा लागला. माजी पोलीस अधिकारी एस. एम. मुश्रीफ यांनी तर पुस्तकच लिहिले. एप्रिल २०१९ मध्ये भोपाळच्या उमेदवार प्रज्ञासिंह ठाकूर यांनी करकरे आपल्या शापाने मेल्याचे तारे तोडले आणि टीकेची झोड उठल्यावर विधान मागे घेतले. मे २०२४ मध्ये उज्ज्वल निकम मुंबईतून लोकसभेसाठी उभे असताना, करकरे यांना लागलेली गोळी कसाबची नव्हतीच, असे विधान काँग्रेसचे विजय वडेट्टीवार यांनी केले. एका टोकाला शाप, दुसऱ्या टोकाला कट. एका माणसाच्या मृत्यूचा दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने असा वापर महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल.

कसाब आणि अबू इस्माईल यांनीच त्या गल्लीत गोळ्या झाडल्या, याबद्दल न्यायालयीन कागदपत्रे वाचणाऱ्याला शंका राहत नाही. गाडीत जिवंत राहिलेल्या जाधवांनी न्यायालयात सांगितलेली हकिकत आणि कसाबच्या हातांवरच्या गोळ्यांच्या जखमा एकमेकींशी जुळतात. कटाचा सिद्धान्त मानायचा तर जाधवांना खोटे ठरवावे लागेल. मृत सहकाऱ्यांखाली दबून मरणाची वाट पाहिलेल्या माणसावर तो आरोप करण्यापूर्वी पुरावा हवा. तो आजवर कोणी आणलेला नाही. तरीही दर निवडणुकीत ही चर्चा उसळते. याला केवळ राजकारण्यांचा निर्ढावलेपणा कारणीभूत नाही. जाकीट, नोंदी, चाळीस मिनिटे या तीन फटी खात्याने स्वतः बुजवल्या असत्या, तर बाहेरच्यांना त्यांतून आत हात घालता आला नसता.

शोकाकुल तपास पूर्णपणे भरकटला तर काय होते, याचे उदाहरण इटलीत आहे. तिथे माफियाने मे १९९२ मध्ये दंडाधिकारी जोव्हान्नी फाल्कोने यांना बॉम्बस्फोटात मारले. त्यांचे जिवलग सहकारी पाओलो बोर्सेलिनो यांनी या हत्येचे धागे जुळवण्याचा ध्यास घेतला आणि ५७ दिवसांनी, १९ जुलै रोजी, पालेर्मोत तेही पाच अंगरक्षक पोलिसांसह स्फोटात मारले गेले. देश हादरला होता. उत्तर तातडीने हवे होते. तपासाची धुरा पालेर्मोचेच पोलीस अधिकारी आर्नाल्दो ला बार्बेरा यांच्याकडे गेली. त्यांच्या पथकाने विन्चेन्झो स्कारान्तिनो नावाच्या एका भुरट्या गुन्हेगाराला पकडले. त्याने कबुली दिली, ती अनेकदा फिरवली, तरी तिच्या आधारे शिक्षा झाल्या. २००८ मध्ये गास्पारे स्पातुझ्झा या खऱ्या माफिया मारेकऱ्याने स्फोटातली मोटार आपण चोरल्याचे सांगितले आणि सारे कोसळले. स्फोटाशी संबंध नसलेली माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात सडली होती. २०१७ मध्ये काल्तानिसेत्ताच्या न्यायालयाने, स्कारान्तिनोकडून खोटा जबाब तपास करणाऱ्यांनीच वदवून घेतला, असा निष्कर्ष काढला. ला बार्बेरा २००२ मध्येच वारले होते. त्यांनी हे निकालाच्या घाईपोटी केले की कोणाला तरी वाचवण्यासाठी, याचा वाद तिथे आजही मिटलेला नाही. मुंबईच्या ‘स्वच्छ’ नकाशाची पालेर्मोशी तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. पण दोन्हीकडे मोह एकाच जातीचा होता. मुंबईत तो पहिल्याच न्यायालयाने रोखला, पालेर्मोत पुढची अनेक वर्षे कोणी रोखला नाही.

करकरे यांनी सुरू केलेल्या तपासाचे पुढे काय झाले, हेही इथे नोंदवायला हवे. मालेगाव प्रकरण २०११ मध्ये एनआयएकडे गेले आणि ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. सहा माणसे मेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. सतरा वर्षांनंतर त्यांना कोणी मारले या प्रश्नाचे उत्तर नाही. तपास प्रमुखाच्या मृत्यूने त्या प्रकरणाचे नेमके किती नुकसान झाले, हे सांगणे अशक्य आहे. परंतु ज्यांनी करकरे यांच्या तसबिरीला दरवर्षी हार घातला, त्यांपैकी कितीजणांनी या खटल्यात फिरलेल्या साक्षीदारांची विचारपूस केली?

राणाच्या खटल्यात कटाची आखणी, डेव्हिड हेडलीच्या मुंबईतल्या फेऱ्या, पाकिस्तानातले सूत्रधार हे सारे पुन्हा न्यायालयासमोर येईल. सरकारी पक्षाने जुने साक्षीदार बोलावले, तर कामा रुग्णालयामागची गल्लीही येईल. तिथे उभ्या राहणाऱ्यांत अनेक जण आता निवृत्त आहेत, काहींच्या छातीवर पदके आहेत. बचाव पक्षाचे वकील त्यांना अडचणीचे प्रश्न विचारतील आणि त्यांनी ते विचारायलाच हवेत. नियंत्रण कक्षाच्या नोंदींचा विषय मात्र दिल्लीच्या त्या न्यायालयाच्या कक्षेत बसत नाही. तो महाराष्ट्र शासनाच्या गृहखात्याचा आहे. त्या रात्रीचे सर्व बिनतारी संदेश, मिनिटागणिक, कोणतीही ओळ न गाळता प्रसिद्ध करायला आता कोणत्या गोपनीयतेची आडकाठी आहे? कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. कविता करकरे २०१४ मध्ये गेल्या. विनीता कामटे यांनी विचारलेले प्रश्न गृहखात्याच्या दप्तरी आहेत.